पिकअपसाठी योग्य इंजिन ऑइल कसं निवडायचं? १५डब्ल्यू-४०, सीके-४ आणि बीएस६ चा अर्थ सोप्या भाषेत



ऑइलच्या दुकानात जाऊन "पिकअपचं ऑइल द्या" म्हटलं की दुकानदार मागच्या रॅकवरून एक कॅन उचलून काउंटरवर ठेवतो. तो कॅन बरोबर असेलही. पण गाडी कुठल्या सालची आहे आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय, हे दोन प्रश्न त्याने विचारले नसतील, तर तो कॅन बरोबर निघणं हा निव्वळ योगायोग समजा.

कारण "पिकअप" ही एक गाडी नाही. आपल्याकडे बोलेरो पिकअपपासून छोट्या हत्तीपर्यंत सगळ्यालाच पिकअप म्हणतात. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. अशोक लेलँडच्या दोस्तमध्ये १४७८ सीसीचं तीन सिलिंडरचं. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती २००५ साली आला. त्याच्या गोल्ड मॉडेलमध्ये डिझेलवाल्याला ७०२ सीसीचं आणि पेट्रोलवाल्याला ६९४ सीसीचं इंजिन आहे, दोन्ही दोनच सिलिंडरची. त्यात पुन्हा सीएनजीच्या गाड्या वेगळ्या. शिवाय एकाच नावाची गाडी २०१८ ची असेल तर तिचं ऑइल वेगळं आणि २०२१ ची असेल तर वेगळं असू शकतं. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. त्याच्याकडे आपण येणारच आहोत, पण आधी कॅनवरची भाषा वाचायला शिकू.

इंजिन ऑइल म्हणजे वंगण नाही का?

आहे, पण बैलगाडीच्या चाकाला लावायचं ते वंगण नाही. तिथे जाड, चिकट वंगण लागतं. एकदा लावलं की ते जागेवर बसून राहायला हवं. "घट्ट ऑइल म्हणजे चांगलं ऑइल" हा समज बहुतेक तिथूनच आलाय. इंजिनात मात्र ऑइल एका जागी बसत नाही. पंप ते खालच्या चेंबरमधून उचलतो, फिल्टरमधून ढकलतो, बारीक बारीक वाटांमधून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला, वर कॅमशाफ्टला आणि टर्बो असेल तर टर्बोच्या बेअरिंगला पोचवतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या खाली आधाराला फक्त ऑइलचा थर असतो.

घर्षण कमी करणं हे ऑइलचं एक काम. पिस्टनची उष्णता ओढून घेणं हे दुसरं. डिझेल जळताना होणारी काजळी स्वतःत धरून ठेवणं, म्हणजे ती कुठे साचू न देणं, हे तिसरं. ज्वलनातून तयार होणारं आम्ल मारणं हे चौथं. ही कामं नुसत्या तेलाने होत नाहीत, त्यात मिसळलेल्या रसायनांनी होतात. त्या रसायनांना ॲडिटिव्ह म्हणतात. एकाच जाडीच्या दोन ऑइलमध्ये ॲडिटिव्ह पूर्ण वेगळी असू शकतात, म्हणूनच नुसता "१५डब्ल्यू-४० द्या" म्हणून भागत नाही.

१५डब्ल्यू-४० म्हणजे नेमकं काय?

हे आकडे एसएई या संस्थेच्या मापाचे आहेत आणि ते फक्त जाडी सांगतात, दर्जा नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नव्हे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २० अंशाला इंजिन फिरू देतं का आणि उणे २५ अंशाला पंपाने उचललं जातं का, अशी होते. १०डब्ल्यू आणि ५डब्ल्यूसाठी ही तापमानं पाच-पाच अंशांनी आणखी खाली जातात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांखाली गेला तरी पेपरात बातमी येते, मग उणे २० शी आपला काय संबंध? संबंध असा की ऑइलच्या दृष्टीने सकाळी पाचची प्रत्येक वेळ थंडच असते. इंजिन चालू असताना ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं. रात्रभर उभ्या गाडीत ते १५-२० अंशांवर येतं आणि कित्येक पट जाड होतं. चावी फिरवल्यापासून ऑइल वरपर्यंत पोचेपर्यंतचे काही सेकंद इंजिन जुन्या, उरलेल्या थरावर चालतं. डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान, तितका हा वेळ कमी.

डॅशनंतरचा आकडा गरम इंजिनातली जाडी सांगतो. १०० अंशाला ऑइल किती सावकाश वाहतं ते सेंटिस्टोक या एककात मोजतात. ३० चं ऑइल ९.३ ते १२.५ मध्ये बसतं, ४० चं १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० चं त्याच्या पुढे २१.९ पर्यंत.

आणखी एक माप आहे. ते कॅनच्या दर्शनी भागावर नसतं, पण पिकअपवाल्यासाठी तेच जास्त कामाचं. ऑइल १५० अंशाला तापवून, दोन पृष्ठभागांच्या मध्ये जोरात घासलं जात असताना किती जाड राहतं, हे त्यात बघतात. १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ लागतो, तर ३० च्या ऑइलला २.९ चालतो. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढणारी गाडी डोळ्यासमोर आणा. दुसरा गियर, ॲक्सिलरेटर दाबलेला, वेग कमी म्हणजे समोरून वाराही कमी. त्या वेळी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा जो थर उरतो, तो केसापेक्षाही बारीक असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. कंपनीने एखाद्या इंजिनाला ४० सांगितलं असेल तर हा घाट धरूनच सांगितलेलं असतं. तिथे "मायलेज वाढेल" म्हणून स्वतःच्या मनाने ३० चं पातळ ऑइल टाकू नका.

मग उन्हाळ्यात अजून घट्ट टाकायचं का?

चंद्रपूर-नागपूरकडे हा प्रश्न हमखास येतो. बाहेर ४५ अंश, मग २०डब्ल्यू-५० टाकलेलं बरं ना?

बहुतेक नव्या गाड्यांसाठी उत्तर नाही असंच आहे. इंजिनाचं तापमान बाहेरची हवा नाही, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठरवतात. बाहेर २५ असो की ४५, कूलिंग नीट असेल तर आतलं ऑइल जवळपास त्याच पट्ट्यात राहतं. गाडी उन्हाळ्यात तापत असेल तर ऑइल घट्ट करण्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, कूलंटची पातळी आणि फॅन बघा. कूलंटच्या जागी साधं पाणी भरत राहण्याची सवय असेल तर ती आधी मोडा.

घट्ट ऑइलचा तोटाही आहे. ते सकाळी उशिरा पोचतं. पंपाला जास्त जोर लावावा लागतो, तो जोर डिझेलमधून येतो. आणि ऑइल प्रेशरचा आकडा जास्त दिसला म्हणजे ऑइल जास्त वाहतंय असं नसतं, वाट अडली तरी दाब वाढतोच.

मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा तापमानाप्रमाणे कुठली जाडी चालते याचा तक्ता असतो. त्या तक्त्यात २०डब्ल्यू-५० असेल तर खुशाल टाका. नसेल तर मेकॅनिक कितीही अनुभवी असो, त्याला तो तक्ता दाखवा. एक अपवाद मान्य करतो. तीन-चार लाख किलोमीटर झालेली जुनी गाडी, ऑइल खातेय, मागून निळसर धूर येतोय. तिथे मिस्त्री घट्ट ऑइल टाकून काही महिने ढकलतात. चालतं ते, पण तो उपचार नाही. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत हे नक्की करून घ्यायला कॉम्प्रेशन तपासून घ्यावंच लागतं.

सीएच-४, सीआय-४, सीके-४: दर्जा इथे लिहिलेला असतो

कॅनच्या मागे एक गोल शिक्का किंवा "एपीआय" लिहून पुढे अक्षरं असतात. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची पद्धत आहे. पहिलं अक्षर सी असेल तर ऑइल डिझेल इंजिनासाठी, एस असेल तर पेट्रोलसाठी. दुसरं अक्षर पिढी सांगतं: एबीसीडीमध्ये जितकं पुढचं, तितकं नवं. शेवटचा ४ म्हणजे फोर-स्ट्रोक.

डिझेलच्या पिढ्या साधारण अशा आल्या: सीएफ-४ १९९० मध्ये, सीएच-४ १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये, त्यानंतर सीजे-४ आणि २०१६ च्या शेवटी सीके-४. सीके-४ ऑइल सीजे-४, सीआय-४ आणि सीएच-४ मागणाऱ्या इंजिनात चालतं. उलटं चालत नाही. सीके-४ मागणाऱ्या इंजिनात सीएच-४ टाकणं म्हणजे नव्या फोनला दहा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर टाकण्यासारखं. फोन निदान चालूच होणार नाही, इंजिन मात्र चालू होतं आणि काही हजार किलोमीटर तक्रारही करत नाही. फसगत होते ती तिथेच.

सीके-४ सोबतच एफए-४ नावाचा प्रकार आला. अक्षरं बघून तो सगळ्यात नवा, म्हणून सगळ्यात चांगला वाटेल. पण तो मुद्दाम पातळ ठेवलेला आहे आणि ठरावीक नव्या इंजिनांसाठीच आहे. मॅन्युअलमध्ये नाव नसेल तर त्याला हात लावू नका.

काही कॅनवर "सीआय-४/एसएल" असं जोडनाव दिसेल. म्हणजे ते ऑइल दोन्ही चाचण्या पास झालंय. फक्त एस असलेलं, म्हणजे निव्वळ पेट्रोल कारचं महागडं सिंथेटिक ऑइल डिझेल पिकअपला टाकू नका. महाग आहे म्हणून ते काजळी सांभाळेलच असं नाही. हाच नियम छोट्या हत्तीच्या पेट्रोल गाडीला उलट लागू होतो: तिचं मॅन्युअल एस मागत असेल तर शेजारच्या बोलेरोचा उरलेला दीड लिटर तिच्यात ओतू नका. बाइकचं ऑइल तर या चर्चेतच नको, ते ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी बनवलेलं असतं.

याशिवाय युरोपची एसीईए पद्धत आहे. तिच्यात सी२, सी३ असे वर्ग दिसतील. हा "सी" आणि एपीआयचा "सी" यांचा एकमेकांशी संबंध नाही. एसीईएचे सी वर्ग म्हणजे धूर गाळणारी यंत्रणा असलेल्या हलक्या गाड्यांसाठीचं कमी राखेचं ऑइल. आता राख कुठून आली, ते बघू.

बीएस६ पिकअप असेल तर हा भाग दोनदा वाचा

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ लागू झालं. बीएस४ वरून आपण बीएस५ ओलांडून थेट सहावर गेलो. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण बीएस३ च्या काळात ३५० पीपीएम होतं, बीएस४ मध्ये ५० झालं आणि बीएस६ मध्ये १०. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर आला, जो धुरातली काजळी अडवतो.

डीपीएफ समजून घ्यायला चूल आठवा. चुलीत लाकूड जळतं, पण राख जळत नाही. ती रोज सकाळी काढावीच लागते. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी म्हणजे लाकूड. ठरावीक साठली की गाडी स्वतःहून एक्झॉस्टचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. पण इंजिनात थोडं थोडं ऑइलही जळत असतं आणि त्या ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असलेल्या ॲडिटिव्हची राख तयार होते. ती पुन्हा कितीही तापवा, जळत नाही. डीपीएफमध्ये साचत राहते. आणि ही चूल रोज सकाळी साफ करता येत नाही.

म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. कॅनच्या माहितीपत्रकात "सल्फेटेड ॲश" असा आकडा असतो. सीजे-४ आणि सीके-४ मध्ये तो १ टक्क्याच्या वर जाऊ शकत नाही, एसीईए सी२ आणि सी३ मध्ये ०.८ टक्क्याच्या वर नाही. सीआय-४ पिढीत अशी मर्यादाच नव्हती. त्या काळात ते चुकीचंही नव्हतं: डिझेलमध्ये गंधक जास्त, म्हणून आम्ल जास्त, म्हणून ते मारणारी ॲडिटिव्ह जास्त आणि म्हणून राख जास्त. गाडीला डीपीएफ नव्हता, राख धुरासोबत निघून जायची.

आता एका घरात दोन गाड्या आहेत असं धरा. २०१७ ची बीएस४ पिकअप आणि हप्त्यावर घेतलेली नवी बीएस६. जुन्या गाडीसाठी सीआय-४ चा २० लिटरचा बकेट आणलेला आहे. नव्या गाडीची वॉरंटी संपली, गावातल्या गॅरेजला पहिली सर्व्हिसिंग आली आणि त्याच बकेटमधलं ऑइल तिच्यात गेलं. ऑइल नवं, ब्रँड चांगला, जाडीही तीच १५डब्ल्यू-४०. इंजिनाचा आवाज मस्त. पण डीपीएफ अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी भरतो, रिजनरेशन वारंवार व्हायला लागतं, डिझेल जास्त जातं, पिकअप बसतो आणि एक दिवस गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे माल भरलेला असताना ताकदच देत नाही. डीपीएफचा खर्च बऱ्याच ऑइल चेंजच्या बेरजेपेक्षा मोठा असतो आणि त्या दिवसांचं भाडं बुडतं ते वेगळं. हप्ता मात्र थांबत नाही.

अशा वेळी "डीपीएफ काढून टाकतो, सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणारे भेटतात. कंपनीने बनवलेल्या गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि वॉरंटीही हातची जाते.

दुसरी एक गोष्ट दूध संकलनाच्या गाड्यांना जास्त लागू आहे. या गाड्या दर अर्ध्या-एक किलोमीटरवर थांबतात, कॅन चढवतात, पुन्हा निघतात. इंजिन चालूच असतं पण एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही. रिजनरेशन सुरू होतं आणि अर्धवट राहतं. बऱ्याच इंजिनांमध्ये रिजनरेशनसाठी जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात. ते अर्धवट राहिलं की थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. परिणाम काय, तर डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. "गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय" म्हणून खूश होऊ नका. ते डिझेलने पातळ झालेलं ऑइल आहे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा, मध्येच बंद करू नका.

आणि हो, प्रत्येक बीएस६ पिकअपला डीपीएफ असतोच असं नाही. पेट्रोल आणि सीएनजी पिकअपला तो नसतो. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमधल्या दिव्यांच्या पानावर लगेच कळतं: डीपीएफचा दिवा असेल तर डीपीएफ आहे.

मिनरल की सिंथेटिक?

यावर तासन्‌तास वाद घालता येतो, पण पिकअपपुरतं उत्तर छोटं आहे. आधी जाडी आणि दर्जा मॅन्युअलप्रमाणे जुळवा. ते जुळल्यावर सिंथेटिक परवडत असेल तर घ्या. ते उष्णतेत जास्त टिकतं आणि टर्बोत कमी करपतं. पण सीएच-४ दर्जाच्या सिंथेटिकपेक्षा सीके-४ दर्जाचं मिनरल बीएस६ गाडीला बरं. कॅनवर मोठ्या अक्षरात "सिंथेटिक" आणि बारीक अक्षरात जुना दर्जा असेल, तर बारीक अक्षरांवर विश्वास ठेवा. ब्रँडचंही तेच: सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, कुणाचंही घ्या. एकाच कंपनीच्या दोन कॅनमध्ये जितका फरक असतो, तितका सारख्या दर्जाच्या दोन कंपन्यांत नसतो.

बदलायचं कधी? आणि पैशाचा हिशोब

मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी येईल ते धरायचं. तिथेच खाली "सिव्हिअर" म्हणजे खडतर वापरासाठी वेगळा, कमी आकडा असतो. आपण तो वाचत नाही, कारण आपल्याला आपला वापर खडतर वाटतच नाही. पूर्ण लोड, घाट, धूळ, तासन्‌तास न्यूट्रलमध्ये चालू इंजिन, छोट्या फेऱ्या. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटातून कल्याणकडे उतरणारी आणि बाजार समितीच्या गेटवर रांगेत इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी या यादीतलं जवळपास सगळं करते. रांगेतल्या त्या दोन तासांत ओडोमीटर हलत नाही, पण ऑइल जुनं होत असतं.

आता हिशोब. समजा ऑइल आणि फिल्टर मिळून ३,५०० रुपये लागले आणि १०,००० किलोमीटर चालले. किलोमीटरला ३५ पैसे झाले. हलकं ऑइल घेऊन १,००० रुपये वाचवले तर किलोमीटरला १० पैसे वाचले. गाडी लिटरला १२ देत असेल आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर डिझेलचाच खर्च किलोमीटरला साडेसात रुपये. चुकीच्या ऑइलमुळे डिझेल नुसतं एक टक्का जास्त गेलं तरी १०,००० किलोमीटरला ७५० रुपये गेले, म्हणजे वाचवलेल्या हजारातले फक्त अडीचशे उरले. आकडे तुमच्या गाडीचे टाकून बघा, फार वेगळं काही निघणार नाही.

ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, असं डिझेलमध्ये नसतं. नवं ऑइल दोन-तीन दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवण्याचं काम करतंय. काळजी करायची ती दुसऱ्या रंगाची: दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट जातंय. गाडी चालवू नका, टो करून न्या.

फिल्टर प्रत्येक वेळी नवा. "फिल्टर एक आड एक बदलू" हा सल्ला ऐकू नका. फिल्टर तुंबला की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट इंजिनात जातं.

दुकानात जाण्याआधी फोनवर काय करायचं?

आधी डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये आरसी उघडा. त्यावर इंधन आणि भारत स्टेज कुठलं ते लिहिलेलं असतं. जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे नक्की बघा, विकणाऱ्याने सांगितलेल्या सालावर जाऊ नका. मग गाडीचं मॅन्युअल शोधा. छापील हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर मिळतं का बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करून मॉडेल आणि साल सांगा. "ल्युब्रिकंट्स" किंवा "कपॅसिटी" नावाचं पान काढा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. त्या पानावर जाडी, दर्जा आणि फिल्टरसकट किती लिटर, एवढं सगळं असतं. दुकानदाराला तोंडी सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवलेला बरा.

कॅन हातात घेतल्यावर झाकणाचं सील, बॅच नंबर, तारीख आणि दर्जाची अक्षरं बघा. आता बऱ्याच कंपन्या कॅनवर क्यूआर किंवा खरवडायचा कोड देतात. तो स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता खरंच कंपनीच्या वेबसाइटचा आहे का तेही बघा, कारण क्यूआर कोड कुणीही छापू शकतं. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त आणि बिल नाही म्हटलं तर ते ऑइल राहू द्या. ड्रममधून मापून दिलेलं सुटं ऑइल घेतलं तर त्यात काय आहे हे ओळखायला तुमच्याकडे कुठलाच मार्ग नसतो. गॅरेजमध्ये ऑइल तुमच्या समोर ओता आणि रिकाम्या कॅनला भोक पाडा. जुने कॅन नकली ऑइल भरायला वापरले जातात, म्हणून.

बिलाचा आणि ओडोमीटरचा फोटो एकाच फोल्डरमध्ये टाका. वॉरंटीचा वाद झाला तर हेच कामी येतं, आणि पुढच्या वेळी "मागच्या वेळी कुठलं टाकलं होतं" हे आठवत बसावं लागत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दोन ब्रँडचं ऑइल मिसळलं तर चालतं का?*
रस्त्यात पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली असेल तर त्याच दर्जाचं, त्याच जाडीचं कुठल्याही ब्रँडचं टाका. कोरड्या इंजिनापेक्षा ते हजार पटीने बरं. पुढच्या सर्व्हिसिंगला पूर्ण बदलून घ्या.

*ऑइल कसं मोजायचं?*
गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. क्रँकशाफ्ट ऑइलला घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

*ऑइलमध्ये टाकायची वेगळी ट्रीटमेंट, ॲडिटिव्हची बाटली घ्यावी का?*
नाही. चांगल्या ऑइलमध्ये ॲडिटिव्हचं प्रमाण बसवलेलं असतं. वरून काही ओतलं की ते बिघडतं, बीएस६ मध्ये राखही वाढते.

*घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद केलं तर?*
टर्बो असेल तर मिनिटभर आयडलिंगवर राहू द्या. टर्बो तापलेला असताना ऑइल थांबलं तर ते तिथेच करपतं.

*काढलेलं जुनं ऑइल घरी नेऊ का? दारं-खिडक्यांना वाळवी लागू नये म्हणून लावतात.*
लावतात खरं, पण लावू नये. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. त्यात काजळी आणि धातूचे कण असतात, हाताला लागतं, पावसात धुऊन विहिरीत उतरतं. गॅरेजमधला जुन्या ऑइलचा ड्रम अधिकृत रिसायकलरकडे जातो का ते विचारा आणि तिथेच सोडा. घरी स्वतः ऑइल बदलत असाल तर त्याच रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजला नेऊन द्या. त्या कॅनला भोक मात्र ते रिकामं केल्यावर पाडा.